साक्षीतला बाप

ब्रदरांना विद्यापीठात कोण ओळखत नाही? गेटवरचा वॉचमन ओळखतो, कँटीनवाला ओळखतो, आणि नवीन वर्षाच्या सुरुवातीला बॅगा घेऊन भांबावून उभी असलेली पोरं तर सगळ्यांत आधी त्यांनाच ओळखायला लागतात, कारण त्या दिवसांत दुसरं कुणी त्यांच्याशी धड बोलत नाही. ब्रदर पुढे होतात, बॅग उचलतात, हॉस्टेलचा रस्ता दाखवतात आणि रस्ता संपायच्या आत सहज विचारल्यासारखं विचारतात, "शनिवारी संध्याकाळी काय करतोयस?" नवख्या शहरात आलेलं पोरगं शनिवारी संध्याकाळी काय करणार, कपाळ? ते म्हणतं, "काही नाही." झालं. शनिवारी ते ब्रदरांच्या खोलीत चहा-बिस्किटं खात बसलेलं असतं.

ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या 'संगती'ची ही खोली गेटासमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर. खाली मशीन घरघरतं, वर भजनं चालतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, विजेची किटली, पांढरा फळा आणि पाच तारांची गिटार. सहाव्या तारेसाठी प्रार्थना चालू आहे. परीक्षा जवळ आली की खोलीत पाय ठेवायला जागा नसते, आणि निकाल लागला की खुर्च्या एकमेकींशी बोलतात. पास झालेले देवाला विसरतात, नापास झालेले ब्रदरांना टाळतात.

पण माणूस वाईट नव्हे हो. हॉस्टेलवर कुणाला कावीळ झाली की घरचे पोचेपर्यंत उशाशी ब्रदरच. कुणी फी भरायची तारीख चुकवली, कुणाचं प्रेम फिसकटलं, कुणाला रात्रंदिवस रडूच येतं, सगळ्यांची धाव ब्रदरांकडे. खरं तर ह्यासाठीच लोकांनी त्यांना डोक्यावर घ्यायला हवं होतं. डोक्यावर घेतलं ते दुसऱ्याच उद्योगासाठी. तो उद्योग म्हणजे साक्ष.

साक्ष म्हणजे चारचौघांत उभं राहून सांगायचं, मी आधी कसा होतो, प्रभू कसा भेटला आणि आता कसा आहे. रीत चांगली आहे. खऱ्या माणसाच्या तोंडून खरी साक्ष ऐकली की अंगावर काटा येतो, कुणीही कबूल करील. पण रीत पडली की तिची मापंही पडतात. आधीचा अंधार जितका गडद तितका नंतरचा उजेड लख्ख, हे एकदा ठरलं की पंचाईत होते ती सरळमार्गी माणसांची. चर्चमधल्या घरात जन्मलेली, आईच्या कुशीत प्रार्थना शिकलेली, चोरून कैरीसुद्धा न खाल्लेली पोरं. त्यांनी अंधार आणायचा कुठून? दंतवैद्यक शिकणाऱ्या एका मुलाने मोबाईलवर गेम खेळायचो म्हणून साक्ष दिली आणि बिचारा खरंच रडला. लोकांनी घड्याळं बघितली.

ब्रदरांचंही तरुणपणी हेच दुखणं. घर विश्वासू, म्हणजे पक्कं ख्रिस्ती, आई देवभीरू आणि वडील, वडिलांचं तर काय सांगावं! छापखान्यामागच्या बोळात त्यांचं बाइंडिंगचं दुकान. लोखंडी प्रेस, पुठ्ठे, सुया-दोरा आणि खळीचं भांडं. चर्चची फाटकी गीतपुस्तकं आणून फुकट शिवून द्यायचे. लहानपणच्या तापात एक पाय आखूड राहिला होता, म्हणून चालताना डावीकडे झुकायचे. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. आणि दारूचं म्हणाल तर खोकल्याच्या औषधाला तसला वास येतो म्हणून ते मोरीत ओतणारा माणूस तो. रात्रभर खोकायचे, पण औषध नाही.

अशा बापाच्या पोटी जन्मलेल्या माणसाने साक्ष काय द्यायची? पहिल्या खेपेला ब्रदरांनी खरं ते सांगितलं. "मी विश्वासू घरात वाढलो आणि हळूहळू मला प्रभू कळत गेला." संपलं. मागे कुणीतरी जांभई दिली. सभा उरकल्यावर संगत चालवणाऱ्या संस्थेच्या मुख्य कचेरीतल्या मोठ्या ब्रदरांनी त्यांना बाजूला घेतलं. "मनापासून बोललास, पण अंधार कमी पडतोय रे. घरात काही त्रास नव्हता का? आठवून बघ."

ब्रदरांनी आठवून बघितलं. त्रास नव्हताच, तरी पुढच्या खेपेला ते म्हणाले, "माझ्या वडिलांना एक त्रास होता." पायाचा होता, पण ते सांगायचं राहून गेलं. लोक लगेच पुढे सरसावून बसले. त्यानंतरच्या खेपेला वडील 'झोकांड्या खात' घरी येऊ लागले. पाय आखूड, झोक जायचाच, तेव्हा तसं खोटंही नाही, असं ब्रदरांनी मनाला समजावलं. मग वडील गेले. दुकानात पुस्तक शिवता शिवताच गेले, कुणाशी एक शब्द न बोलता. आता विचारणारं कुणी उरलं नाही आणि तिळाचा ताड व्हायला वेळ लागला नाही. बाटली आली. बाटली आल्यावर ती फेकली जाणं ओघानेच आलं, आणि फेकली तर लागायला नको का कुठेतरी? ब्रदरांच्या कपाळावर लहानपणी दुकानातल्या प्रेसवर आपटल्याची खूण होतीच. तीच कामाला आली.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे मेलेल्या बापाला मणभर दारू! घरात जे 'बाबा' होते ते स्टेजवर 'माझा बाप' झाले. शेवटी तो बाप मरणाच्या दारात लेकाचा हात धरतो, "मला माफ कर" म्हणतो आणि प्रभूचं नाव घेऊन डोळे मिटतो. ह्या ठिकाणी ब्रदरांचा आवाज खरंच फुटायचा. खऱ्या बाबांनी जाताना काहीच म्हटलं नव्हतं, ही सल होती पोटात. पण ती सांगितली असती तर टाळ्या कोण वाजवणार?

साक्ष गाजली. गावोगावची बोलावणी येऊ लागली. पोरं ब्रदरांना पाठीमागे 'बाटली ब्रदर' म्हणायची, तेही प्रेमानेच. साक्ष पोरांना तोंडपाठ होती. आणि ह्याच साक्षीवर भाळून त्यांच्या बायकोने त्यांच्याशी लग्न केलं. ती तेव्हा संगतीतली विद्यार्थिनी होती. सासऱ्यांना तिने कधी पाहिलं नाही, पण सासूबद्दल तिला कणव वाटायची. सासू कधी बोलता बोलता म्हणायची, "ह्यांच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही गं." सून मनात म्हणायची, काय हे मोठं मन! जखमेवरची खपली काढायची नाही, असं तिने मनाशी ठरवलेलं. एका छपराखाली दोघी राहिल्या, एक खऱ्या माणसाबद्दल बोलायची, दुसरी खोट्याबद्दल हळहळायची, आणि कुणाला पत्ता नाही.

आईचं एकच मागणं असायचं. "एकदा तुझं बोलणं ऐकायला ने रे. लोक म्हणतात, तू बोललास की रडू येतं." खाई त्याला खवखवे! ब्रदर म्हणायचे, "जिना उंच आहे आई. तुझे गुडघे." जिना झाला की गिटारचा आवाज, आवाज झाला की गर्दी. कारणांना तोटा नव्हता.

मग संगतीला पंचवीस वर्षं पुरी झाली. विद्यापीठाचा मोठा हॉल घेतला, जुने विद्यार्थी आले, मुख्य कचेरीतून मोठे ब्रदर आले. ते आता चांगलेच म्हातारे झाले होते, पण अंधार कमी पडलेला त्यांना अजूनही चालत नसे. आणि सूनबाईंच्या मनात आलं, पोराने एवढं सोसलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्या माउलीने सोसलं त्याचं काय? तिचा मान नको का करायला? ह्यांना न सांगता न्यायचं तिला.

ब्रदर माइकपाशी गेले, घसा खाकरला, समोर बघितलं. पहिल्या रांगेत मधोमध आई. चष्मा पुसून बसलेली, हात मांडीवर, चेहरा असा की वर्गात पहिल्या आलेल्या पोराचं बक्षीस बघायला आलीय. शेजारी बायको, ओठांवर हसू.

ब्रदरांच्या तोंडचं पाणी पळालं. इकडे आड तिकडे विहीर. खरं सांगावं तर पंचवीस वर्षांची साक्ष उभ्या हॉलसमोर खोटी. नेहमीचं सांगावं तर मेलेल्या बापाची अब्रू त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत जाणार. त्यांनी मधली वाट काढून बघितली. "माझं घर विश्वासू होतं," ते म्हणाले. पोरांना वाटलं, ब्रदर आज गंमत करतायत. हशा पिकला. "माझे बाबा..." ब्रदर म्हणाले आणि थांबले. "बाप!" मागून कुणीतरी चुकलेलं पाठांतर दुरुस्त केलं. दुसरा ओरडला, "बाटली, ब्रदर, बाटली!" टाळ्या. मोठ्या ब्रदरांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

तेवढं बोट पुरलं बघा. वयाच्या पन्नाशीला आलेला माणूस, एका बोटाला घाबरला. ब्रदरांनी डोळे मिटून घेतले आणि सुरू केलं. आणि सांगायची गोष्ट म्हणजे अशी साक्ष त्यांनी आजवर कधी दिली नव्हती! भीतीने आवाज कापत होता, तो लोकांना पश्चात्ताप वाटला. घाम फुटला होता, तो पवित्र आत्मा उतरल्यासारखा वाटला. हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले.

आई मन लावून ऐकत होती. तिला वाटलं, पोरगा कुणा दुसऱ्याची कर्मकहाणी सांगतोय. "च्च च्च," ती म्हणाली. मग सुनेकडे झुकून विचारलं, "कोण गं हा मेला? पोराला बाटली फेकून मारतो?" सुनेच्या डोळ्यांना धार लागली होती. तिने सासूचा हात घट्ट दाबला. "आई, आता तरी लपवू नका."

म्हातारीला काही कळेना. तेवढ्यात स्टेजवरून आवाज आला, "माझ्या बापाच्या हाताला खळीचा आणि दारूचा वास यायचा." खळीचा! आईचे मांडीवरचे हात आपोआप एकमेकांत घट्ट गुंतले. मग झोकांड्या आल्या. डावीकडे झुकणाऱ्या झोकांड्या. त्यानंतर ती च्च च्च म्हणाली नाही.

साक्ष संपली. लोक उभे राहिले. मोठे ब्रदर डोळे टिपत माइकपाशी आले आणि म्हणाले, "आज ह्या घराची माउली आपल्यात आहे. तिच्या तोंडून दोन शब्द ऐकू या." ब्रदरांनी आईकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली.

आई उठली. स्टेजच्या पायऱ्यांपाशी तिला हात द्यायला फार्मसीची एक मुलगी पुढे आली. दर शनिवारी मागच्या रांगेत बसणारी, कधी साक्ष न देणारी. आईची मान ताठ होती आणि जबडा असा आवळलेला की कुणाची तरी खैर नाही. पायऱ्या चढता चढता ती मुलगी कानाशी हळूच म्हणाली, "आजी, आमच्याकडेही बाबांचं हेच चालतं. ब्रदरांचे वडील सुधारले हे ऐकलं ना, म्हणून मी सुट्टीत अजून घरी जाते. नाहीतर गेलेच नसते."

आई पायरीवरच थांबली. तिने त्या मुलीच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग उरलेल्या पायऱ्या चढली.

माइक तिच्या उंचीला खाली केला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला? पण ओठांची काळजी तिला फारशी नव्हती. ती त्या मुलीकडेच बघत होती.

"खरंय," आई म्हणाली. "सुधारले ते."

ब्रदरांनी श्वास सोडला. लोकांनी टाळ्यांना हात उचलले, तर आईने माइक सोडलाच नव्हता.

"पण पुस्तकं चांगली शिवायचे," ती म्हणाली. "एक पान कधी सुटलं नाही त्यांचं. तेवढंही लक्षात ठेवा."

टाळ्यांचा कडकडाट! मोठे ब्रदर तर हर्षभरित. ब्रदरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता साक्षीला साक्षीदार मिळाला. यापुढे आईंनाही बरोबर आणायचं." ब्रदर हसले. हसण्यावाचून त्यांना दुसरं येतच काय होतं?

घरी जाताना गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. सून सारखी म्हणत होती, "किती धीराच्या तुम्ही, आई." आई म्हणाली, "हो गं," आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून बाहेर गेली होती. आई स्वयंपाकघरात टेबलापाशी मटार सोलत बसली होती. ब्रदर दारात दोनदा येऊन परत गेले. तिसऱ्यांदा ती मान वर न करता म्हणाली, "ये. बस इथे."

ब्रदर बसले. "आई, ते प्रभूच्या कामासाठी..."

"प्रभूला मधे ओढू नकोस," आई म्हणाली. "त्याला ह्यांची चांगली ओळख आहे. मला फक्त नीट सांगून ठेव. ती फार्मसीवाली पोरगी आज येणारे मला भेटायला. ती विचारणार, मी काय सांगू? बाटली कुठल्या खोलीत फेकली?"

"आई, नको ना."

"तिथे सांगताना जीभ चालते, इथे काय झालं? कुठल्या खोलीत?"

"पुढच्या," ब्रदर पुटपुटले.

"बरं. पुढच्या. आणि मी कुठे होते तेव्हा?"

एवढी वर्षं साक्ष दिली, बाटली होती, बाप होता, रक्त होतं, पण त्या खोलीत आईला कुठे उभं करायचं हे ब्रदरांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तू रडत होतीस."

"रडत होते. बरं." तिने एक शेंग सोलली. "रडले होते मी, ते खरंय. तू प्रेसवर आपटलास आणि कपाळातून भळभळा रक्त यायला लागलं तेव्हा. ह्यांनी तुला उचललं आणि दवाखान्यापर्यंत पळत नेलं. पळत, त्या पायाने! सगळा रस्ता बघत होता. ह्यांना आयुष्यात पळताना मी तेवढं एकदाच बघितलं. त्या खुणेवर तू बाटली ठेवलीस रे?"

ब्रदरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता आलं! काल हॉलभर लोकांना रडवून आले आणि स्वतःचं पाणी घरी येऊन सांडलं. "मी सगळ्यांना खरं सांगतो, आई. शनिवारीच सांगतो."

"आणि त्या पोरीचं काय? तिने घरी जायचं कशाच्या जोरावर? तुला हलकं वाटावं म्हणून तिने आशा सोडायची होय?" आईचा आवाज पहिल्यांदा चढला. "सांगायचं तेव्हा सांगितलं नाहीस. आता तुझ्या साक्षीवर दुसऱ्याचं घर उभंय. ते मोडायला हात लावलास तर मी तुझी आई नव्हे. ह्यांचं काय, ते गेले. त्यांना चालेल. खोकल्याचं औषध नको म्हणणाऱ्या माणसाला म्हणावं, घ्या, प्या आता पोरासाठी."

बेल वाजली. जिन्यावर फार्मसीवाली मुलगी येऊन उभी राहिलेली दाराच्या काचेतून दिसत होती, हातात फुलं घेऊन. ब्रदर उठायला लागले तशी आई म्हणाली, "तू बस, मी बघते." तिने हात पुसले, गुडघ्यांवर भार देत उठली, आरशात बघून केस सारखे केले. दाराच्या कडीला हात घातला आणि मागे वळून म्हणाली,

"आणि हे बघ, मी गेल्यावर साक्षीत माझं काय करायचं ठरवलंयस, तेही आत्ताच सांगून ठेव. तेव्हा सावरून घ्यायला मी नसणार."

मग दार उघडलं. "ये गं बाळा, ये. पुढच्या खोलीतच बसू आपण."